खर्जाचें ओझें

मैफल सुरू होण्यापूर्वीं गवई तंबोरा जुळवून घेतो, तेव्हां चार तारांपैकीं सर्वांत जाड अशी जी शेवटची तार, तिच्यापाशीं त्याचा हात अधिक वेळ रेंगाळतो. ती खर्जाची तार. तिचा आवाज मोठा नसतो. पण ती मुकी राहिली, तर वरच्या तिन्ही तारा पायाखालची जमीन सुटल्यासारख्या तरंगूं लागतात. पखवाजी याच कारणासाठीं बैठकीस बसण्याआधीं डाव्या पुडीवर भिजविलेल्या कणकेचा गोळा चढवितो, आणि बैठक संपली कीं तो खरवडून काढतो. खर्ज हा असा सेवा करून घेणारा स्वर आहे. वरचे स्वर थोडक्यांत भागतात. खर्जाला जाडी लागते, वजन लागतें, आणि प्रत्येक वेळीं नव्यानें मांडामांड लागते.

दिवाणखान्यांतल्या वीस-पंचवीस रसिकांपुरती ही सेवा तंबोरा आणि पखवाज यांनीं भागते. पण ऐकणारे दहा हजार झाले आणि त्यांच्या डोक्यावर छपराऐवजीं आभाळ आलें, म्हणजे हा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत कोणीं वाहून न्यावा? आजच्या मोठ्या कार्यक्रमांत व्यासपीठाच्या पायथ्याशीं काळ्या रंगाच्या, लहान कपाटाएवढ्या पेट्या ओळीनें मांडलेल्या दिसतात. त्यांना सबवूफर म्हणतात. गाण्याचे शब्द त्यांतून ऐकूं येत नाहींत; ते वरच्या कर्ण्यांचें काम. या पेट्या फक्त खर्ज वाहतात. त्यांतही ज्यांच्या पोटांतच ॲम्प्लिफायर बसविलेला असतो त्यांना ‘पॉवर्ड’ सबवूफर असें नांव पडलें आहे. या पेटीपर्यंत पोंचावयाला माणसाला सुमारें ऐंशीं वर्षें लागलीं. प्रारंभीं सर्वांची समजूत अशी होती कीं, खर्ज म्हणजे केवळ जोराचें काम. तें वेळेचें आणि जागेचेंही काम आहे, हें कळावयास पुष्कळ ठेंचा खाव्या लागल्या.

खर्ज जड कां, तें आधीं पाहिलें पाहिजे. हवेंतून आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदाला हजार कंपनें होणारा स्वर घेतला, तर त्याच्या एका लाटेची लांबी ३४ सेंटिमीटर भरते. म्हणजे हातभरही नव्हे. तेंच पन्नास कंपनांचा स्वर घेतला, तर एक लाट जवळ जवळ सात मीटर लांबीची होते. एवढी लाट उठवावयाची म्हणजे पुष्कळ हवा ढकलावी लागते. पडदा तोच ठेवून एक सप्तक खालीं उतरावयाचें आणि आवाजाचा दाब तितकाच राखावयाचा, तर त्या पडद्याला पूर्वींच्या चौपट अंतर पुढेंमागें हालावें लागतें. दोन सप्तकें उतरलें कीं सोळापट! शिवाय पडदा उघडाच हालविला तर त्याच्या पुढची दाबलेली हवा कडेनें वळून मागें जाते आणि मागच्या विरळ हवेशीं मिळून दोन्हींचा नाश होतो. म्हणून पेटी हवी. आणि लाट मोठी म्हणून पेटीही मोठी.

पहिल्या कर्णेवाल्यांना या भानगडींत पडण्याचें कारणच नव्हतें. त्यांना माणसाचें बोलणें दूरवर पोंचवावयाचें होतें. डेन्मार्कहून अमेरिकेंत गेलेले पीटर जेन्सन आणि त्यांचे सहकारी एडविन प्रिडहॅम हे कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं टेलिफोनचा रिसीव्हर सुधारण्याच्या खटपटींत होते. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें टांगून त्याला त्यांनीं ग्रामोफोनचा कर्णा जोडला, आणि तो कर्णा ओरडूं लागला. २४ डिसेंबर १९१५ रोजीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर जमलेल्या प्रचंड समुदायाला या कर्ण्यांतून गाणें आणि भाषण ऐकविण्यांत आलें. पुढें १९१९ सालीं सॅन डिएगोच्या क्रीडांगणांत अध्यक्ष विल्सन यांचें भाषण याच जातीच्या कर्ण्यांनीं हजारों लोकांच्या कानीं घातलें. या दोघांनीं आपल्या कंपनीला ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे लॅटिनमध्यें ‘मोठा आवाज’, असें नांव दिलें होतें. आवाज मोठा होता यांत शंका नाहीं. भरदार मात्र नव्हता. पन्नास कंपनांचा स्वर कर्ण्यानें नीट सोडावा अशी इच्छा असेल, तर त्या कर्ण्याच्या तोंडाचा घेर लाटेच्या लांबीइतका, म्हणजे जवळ जवळ सात मीटर असावा लागतो. तोंडच दोन मीटरांहून रुंद! असा कर्णा सभेच्या व्यासपीठावर ठेवला तर वक्ता कोठें उभा राहणार?

कर्णाच टाकून देण्याचें धाडस १९२५ सालीं झालें. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं कागदाचा एक शंकू घेतला, त्याच्या टोंकाला वेटोळें चिकटविलें आणि तो शंकू एका रुंद फळीच्या भोंकांत बसविला. आज घरोघरच्या रेडिओंत, मोटारींत आणि मांडवांतल्या पेट्यांत जो शंकू हालतो, तो या शंकूचाच वंशज आहे. पण या शंकूंत एक खोड होती. कर्ण्याइतक्या काटकसरीनें तो वीज वापरीत नसे. त्याला खाद्य भरपूर लागे. तेव्हांच्या रेडिओ-यंत्रांच्या अंगीं एवढी शक्ति नव्हती. म्हणून १९२६ सालीं आर. सी. ए. कंपनीनें या शंकूचा ‘रेडिओला १०४’ या नांवाचा ध्वनिवर्धक बाजारांत आणला, तेव्हां त्याच्या लांकडी कपाटांतच एक वॉटचा ॲम्प्लिफायर घालून दिला. किंमत अडीचशें डॉलर. पोटांत ॲम्प्लिफायर बाळगणाऱ्या आजच्या पेटीची ही पणजीच म्हणावयाची. तिची युक्ति लोक लौकरच विसरले, आणि ती पुन्हां आठवावयास पाउणशें वर्षें लागत आलीं.

खर्जाच्या इतिहासांतलें खरें वळण १९३३ चें आहे, आणि त्या वळणावर हार्वे फ्लेचर हे एकच गृहस्थ दोन वेगळ्या निमित्तांनीं उभे असलेले दिसतात.

पहिलें निमित्त संगीताचें. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत फ्लेचर यांच्या देखरेखीखालीं अशी एक योजना चालली होती कीं, एका शहरांतील वाद्यवृंद दुसऱ्या शहरांत जसाच्या तसा, डाव्या-उजव्या बाजूंसकट, ऐकवावा. २७ एप्रिल १९३३ च्या रात्रीं फिलाडेल्फियाचा प्रसिद्ध वाद्यवृंद आपल्या नेहमींच्या जागीं, ॲकॅडेमी ऑफ म्युझिकमध्यें, अलेक्झांडर स्मॉलेन्स यांच्या इशाऱ्यावर वाजवीत होता. आणि श्रोते बसले होते सुमारें सव्वाशें मैलांवर, वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्यें. तेथील रंगमंचावर वादक एकही नव्हता. वाद्यवृंदाचे नेहमींचे सूत्रधार लिओपोल्ड स्टोकोव्हस्की हे मात्र वॉशिंग्टनांत होते. त्यांच्या हातीं छडी नव्हती, नियंत्रणाच्या मुठी होत्या. आवाज किती वाढवावा, कोणत्या बाजूचा किती उतरवावा, हें ते तेथें बसून ठरवीत होते. आज कार्यक्रमाच्या वेळीं प्रेक्षकांच्या मागें टेबल मांडून बसणारा जो ध्वनियोजक, त्याच्या धंद्याचा हा एक थोर पूर्वज मानावयास हरकत नाहीं.

तीन वाटांनीं तीन आवाज आणलेले होते, आणि प्रत्येक वाटेच्या शेवटीं कर्णे दोन जातींचे होते. सेकंदाला तीनशें कंपनांच्या वरचे स्वर लहान तोंडांच्या कर्ण्यांच्या जुडग्याकडे, आणि त्याखालचे, थेट चाळीस कंपनांपर्यंतचे, एका अवाढव्य कर्ण्याकडे. वेन्टी आणि थुरास या दोन शास्त्रज्ञांची ही योजना. खर्जाच्या कर्ण्याची लांबी सरळ ठेवली असती तर तो रंगमंचावर मावलाच नसता. म्हणून आंतल्या आंत घड्या घालून तो पेटीसारखा केला होता. सर्व स्वर एकाच तोंडून काढण्याचा हट्ट सोडावा आणि खर्जाचा संसार वेगळा थाटावा, ही गोष्ट त्या रात्रीं मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली. सबवूफरचें मूळ शोधावयाचें तर तें येथें आहे.

दुसरें निमित्त कानाचें. त्याच वर्षीं फ्लेचर आणि त्यांचे सहकारी मन्सन यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या कानांना टेलिफोनचे रिसीव्हर लावून त्यांना निरनिराळे स्वर ऐकवावयाचे आणि ‘दोन्हीं सारखेच मोठे वाटतात’ असें ते म्हणेपर्यंत एकाचा जोर बदलीत राहावयाचें, असा तो प्रयोग. त्यांतून निघालेलें सत्य हें कीं, आपला कान खर्जाच्या बाबतींत बराचसा बहिरा आहे. हळू आवाजांत तर हा बहिरेपणा फारच. मधल्या सप्तकांतील स्वर सहज ऐकूं यावा एवढ्या जोरावर पन्नास कंपनांचा स्वर मुळींच ऐकूं येत नाहीं. तो तितकाच मोठा वाटावा म्हणून त्याच्या शक्तीची कित्येक शेंकडापट वाढ करावी लागते. खर्जाला मोठ्या पेट्या, मोठे ॲम्प्लिफायर आणि मोठा खर्च लागतो त्याचें अर्धें कारण हवेंत आहे आणि अर्धें आपल्या कानांत. या निबंधाचा आणखी एक परिणाम झाला. पण तो शेवटीं येईल.

फिलाडेल्फियाच्या प्रयोगाकडे हॉलिवुडचें लक्ष गेलें नसतें तरच नवल. बोलपट नुकताच बोलूं लागला होता आणि त्याचा आवाज डब्यांतून आल्यासारखा येई. एम. जी. एम. कंपनीच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर आणि त्यांचे सहकारी जॉन हिलियर्ड यांनीं बेलच्या धर्तीची दुहेरी कर्ण्यांची रचना तपासावयास घेतली. आवाज सुंदर होता. मग एलिनॉर पॉवेल हिच्या नृत्याची फीत लावण्यांत आली. बुटांच्या टांचा फरशीवर आपटून ताल काढण्याच्या नृत्यांत ही नटी अद्वितीय होती. पण तिच्या एकेका टांचेचे आवाज दोन दोन येऊं लागले. प्रतिध्वनि म्हणावा, तर खोली तीच होती. शेवटीं कारण सांपडलें तें असें. घड्या घातलेल्या खर्जाच्या कर्ण्याची आंतली वाट वरच्या कर्ण्याच्या वाटेपेक्षां सुमारें आठ फूट अधिक लांब होती. एकाच टांचेच्या आवाजाचा तीव्र भाग आधीं बाहेर पडे, आणि खर्जाचा भाग आठ फुटांची वळणें घेऊन सेकंदाच्या सुमारें सात सहस्रांशानें मागाहून येई. संवादांत किंवा व्हायोलिनच्या गजांत हा फरक झांकला जात होता. टांचेनें तो उघडा पाडला.

शिअरर आणि हिलियर्ड यांनीं खर्जाच्या कर्ण्याची वाट आंखूड केली आणि वरचा कर्णा त्याच्याशीं वेळेनें जुळेल असा बसविला. त्यांच्या या रचनेला १९३६ सालच्या कामगिरीबद्दल अमेरिकन चित्रपट-अकादमीचें शास्त्रीय पारितोषिक मिळालें. (याच एम. जी. एम.नें १९३८ सालीं मुंबईंत धोबीतलावावर मेट्रो थिएटर उभारलें, हें मुंबईकरांना वेगळें सांगावयास नको.) सात सहस्रांश सेकंद म्हणजे पापणी लवण्याच्या कितीतरी आंतला काळ. तेवढ्या काळानें खर्ज मागें पडला कीं तो संगीताचा सोबती राहत नाहीं, मागून येणारा कोणी परका वाटतो. पेटी कितीही जबर असली तरी ती वेळेवर बोलली पाहिजे, हें सत्य एका नर्तकीच्या टांचेनें शिकविलें.

यापुढील तीस-पस्तीस वर्षांचा वृत्तांत थोडक्यांत आटोपतां येतो. दुसऱ्या महायुद्धांत रडारचें आणि बिनतारीचें काम शिकलेले तरुण घरोघर परतले; त्यांच्यापैकीं हेडली जोन्स यांनीं जमेकांतील किंग्स्टन येथें टॉम वाँग या नाचगाण्याच्या व्यावसायिकासाठीं दणकट ॲम्प्लिफायर बांधले, आणि तेथील उघड्या अंगणांतून खर्ज नुसता ऐकण्याची नव्हे तर छातीवर झेलण्याची वस्तु बनला. सुतार पेटी करी, ऐकून पाही, भोंक मोठें करी, पुन्हां ऐके; सर्व कारभार अंदाजाचा. हा अंदाज संपविला ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं. शंकू आपल्या स्वभावानें कोणत्या स्वरावर झुलतो, त्याची लवचिकता किती, वेटोळें त्याला कितपत आवरून धरतें, अशा मोजक्या गोष्टी मोजल्या कीं पेटीचें आकारमान आणि तिच्या तोंडाची लांबीरुंदी गणितानेंच निघते, हें त्यांनीं १९६१ सालीं दाखवून दिलें. सिडनीच्या विद्यापीठांत रिचर्ड स्मॉल यांनीं तें गणित पुढें नेलें, आणि १९७० नंतरच्या दशकांत तें जगभर रूढ झालें. आजही पेटीच्या माहितीपत्रकावर या दोघांच्या नांवाचे आंकडे छापलेले असतात.

१९७४ या एका सालांत खर्जाचीं दोन विलक्षण प्रदर्शनें झालीं. मार्च महिन्यांत ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन वादकसंघानें आपली ‘आवाजाची भिंत’ उभी केली. वादकांच्या पाठीमागें सुमारें सहाशें ध्वनिवर्धकांची तटबंदी. प्रत्येक वाद्याला आपापला स्वतंत्र मनोरा, आणि खर्ज-गिटाराच्या तर प्रत्येक तारेचा आवाज वेगळा काढण्याची सोय. आवाज अत्यंत स्वच्छ होता असें जाणकार म्हणतात. पण ती भिंत बांधावयास आणि उतरावयास इतका वेळ लागे कीं एका गांवीं कार्यक्रम चालू असतांना पुढच्या गांवीं दुसरा सांगाडा आधींच उभारावा लागे. मालमोटारी, माणसें आणि खर्च यांच्या भारानें ती त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत कायमची उतरविण्यांत आली. नोव्हेंबरांत ‘अर्थक्वेक’ म्हणजे ‘भूकंप’ हा चित्रपट आला. त्यासाठीं चित्रगृहांत खर्जाच्या राक्षसी पेट्या आणून ठेवीत आणि भूकंपाच्या प्रसंगीं कानाला जेमतेम ऐकूं येईल अशी घरघर इतक्या जोरानें सोडीत कीं खुर्च्या थरारत. हॉलिवुडच्या सुप्रसिद्ध चायनीज थिएटरांत छताच्या गिलाव्याचे तुकडे प्रेक्षकांवर पडूं नयेत म्हणून जाळें टांगावें लागलें. जेथें एकाच इमारतींत दोन चित्रगृहें होतीं, तेथें शेजारीं चाललेल्या शांत चित्रपटाच्या प्रेक्षकांनाही हा भूकंप फुकट भोगावयास मिळाला. खर्ज भिंतीला विचारून थांबत नाहीं.

या दोन्हीं उदाहरणांत शक्ति अमाप होती. ती वाहून नेणें आणि आंवरणें हीच अडचण होती. ॲम्प्लिफायर एका जागीं, पेटी दुसऱ्या जागीं, आणि मध्यें लांबच लांब जाड तारा. त्या तारांत शक्ति वायां जाई, आणि कोणता ॲम्प्लिफायर कोणत्या पेटीला किती मानवतो याचा हिशोब रोज नवा. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें १९७९ सालीं जॉन मेयर यांनीं काढलेल्या कंपनीनें या हिशोबाला हात घातला. ॲम्प्लिफायर, स्वरांची वांटणी करणारें मंडल आणि वेटोळें जळूं न देणारा पहारेकरी, हीं तिन्हीं त्यांनीं पेटीच्या आंतच बसविलीं. १९९४ सालीं त्यांनीं मोठ्या सभागृहांसाठीं अशी स्वयंपूर्ण पेटी बाजारांत आणली. अनेक व्यावसायिकांनीं प्रथम नाकें मुरडलीं. छताला टांगलेल्या पेटींतला ॲम्प्लिफायर बिघडला तर वर कोण चढणार, असें ते म्हणत. प्रश्न रास्त होता. पण पुढें विजेचा प्रवाह सेकंदाला लक्षावधि वेळां चालू-बंद करून शक्ति निर्माण करणारे हलके आणि कमी तापणारे ॲम्प्लिफायर स्वस्त झाले, आणि तो आक्षेप मागें पडला. ‘रेडिओला १०४’ ची युक्ति अशा रीतीनें परत आली. फक्त एक वॉटाच्या जागीं आतां हजारों वॉट होते.

तरीही पेटी शहाणी झाली म्हणून मांडणी आपोआप होत नाहीं. मांडवांतली सर्वांत रूढ चूक म्हणजे व्यासपीठाच्या डाव्या कोंपऱ्यांत एक आणि उजव्या कोंपऱ्यांत एक असे सबवूफर ठेवणें. दिसावयास तें शोभिवंत. पण दोहोंपासून सारख्या अंतरावर बसलेल्या मधल्या पट्ट्यांतल्या लोकांना खर्ज दुप्पट दाबाचा मिळतो. आणि थोडें बाजूला, जेथें एक पेटी दुसरीपेक्षां ३.४ मीटर अधिक दूर पडते, तेथें पन्नास कंपनांच्या दोन लाटा एकमेकींच्या उलट येऊन एकमेकींना पुसून टाकतात. एकाच रांगेंत बसलेल्या दोन भावांपैकीं एकाला ढोल दणदणीत वाटतो आणि दुसऱ्याला पोकळ. त्या बिचाऱ्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून आवाज वाढविला कीं मधले लोक कान झांकतात. म्हणून जाणता मनुष्य दोन्हीं पेट्या शक्य तर एकत्र, मधोमध ठेवतो. वरच्या कर्ण्यांशीं त्यांची वेळ जुळवितो, कारण पॉवेलच्या टांचेचा धडा अजून रद्द झालेला नाहीं. पेटीच्या पाठीमागें धन-ऋण उलटविण्याचा एक लहान खटका असतो. तो चुकून उलटा राहिला, तर ज्या स्वरांवर वरचा कर्णा आणि सबवूफर एकमेकांना भेटतात, साधारण ऐंशीं ते शंभर कंपनांच्या आसपास, तेथेंच आवाजांत खड्डा पडतो. हा खटका दोन्हीं बाजूंनीं फिरवून ज्या बाजूला खर्ज भरीव येतो ती बाजू राखणें, ही परीक्षा मिनिटाची आहे. ती न करतां केलेले कार्यक्रम मात्र असंख्य आहेत.

खर्ज पुढें जातो तितकाच मागेंही जातो. मागें बसलेला असतो गवई. त्याच्या तंबोऱ्यापुढचा मायक्रोफोन ही घरघर पुन्हां पकडतो, ती पुन्हां पेटींतून येते, आणि सारें व्यासपीठ हुंकार देऊं लागतें. पोकळ लांकडी व्यासपीठाखालीं पेटी सारली तर विचारूंच नका. यावर सुंदर तोड निघाली आहे. हॅरी ऑल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७३ सालच्या एका निबंधांत मांडलेल्या तत्त्वाचा आधार घेऊन कांहीं पेट्या मागें तोंड करून ठेवतात, त्यांचे धन-ऋण उलटवितात आणि त्यांना मोजका विलंब देतात. मग मागच्या बाजूला दोन्हीं लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि पुढच्या बाजूला एकमेकींना हात देतात. १९३६ सालीं जो विलंब शत्रु म्हणून हांकलला, तोच आतां चाकरीस ठेवला गेला!

निगराणीचें म्हणाल, तर या पेटीचे मुख्य शत्रु तीन: उष्णता, ओल आणि विजेची हयगय. पेटीला दिलेल्या विजेपैकीं आवाज होतो तो शेंकडा थोडासाच. बाकी सारी वेटोळ्यांत उष्णता होऊन बसते. पाठीमागचा लाल दिवा मधून मधून लुकलुकला तर चालेल. तो पेटूनच राहिला, तर पहारेकरी थकला असें समजावें आणि आवाज उतरवावा, नाहींतर पेट्या वाढवाव्या. मिरवणुकींतला गुलाल पंख्याच्या जाळींत बसला कीं हवा कोंडते, म्हणून मिरवणुकीनंतर जाळी काढून झाडणें अवश्य. पावसाळ्यांत गोदामांत ठेवलेल्या पेटीचा कागदी शंकू ओल धरतो, आणि तिच्या तोंडांत उंदरांना घर करावयास आयती जागा सांपडते. हंगामाच्या पहिल्या कार्यक्रमाआधीं दिवा घेऊन आंत पाहिलेलें बरें. स्वतःच्याच हादऱ्यांनीं पेटीचे स्क्रू सैल होतात. सर्वांत खालच्या स्वरापासून हळूहळू वर चढत जाणारा एकच स्वर सोडला, कीं कोठें खडखडतें तें कळतें.

विजेचें प्रकरण अधिक गंभीर आहे. आपल्या देशांतली वीज सेकंदाला पन्नास वेळां उलटसुलट होते. म्हणजे तिचा गुणगुणाट नेमका सबवूफरच्या मुलखांत पडतो. लहान कर्ण्यांत जो ऐकूं आला नसता, तो येथें सिंहासारखा गुरगुरतो. व्यासपीठावरच्या पेट्या एका जोडणीवर आणि मागचें नियंत्रणाचें टेबल दुसऱ्या जोडणीवर असलें, कीं दोन्हींकडच्या अर्थिंगमध्यें फरक पडून हा गुणगुणाट शिरतो. दोन्हींना एकाच ठिकाणाहून वीज देणें हा त्यावर खरा उपाय. पुष्कळ जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते; परंतु आंत एखादी तार सुटून पेटीच्या धातूला लागली, तर ती वीज हात लावणाऱ्या माणसाच्या अंगांतून जमिनींत जाते. पावसांत भिजलेल्या मैदानावर तो मनुष्य बहुधा सतरा-अठरा वर्षांचा हरकाम्या मुलगा असतो. जनरेटरपासून पेटीपर्यंतची तार बारीक आणि लांब असली तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला दिवे मंदावतात आणि एखादे वेळीं पेटी रुसून बंद पडते. सुरू करतांना नियंत्रणाचें टेबल आधीं आणि पेटी सर्वांत शेवटीं, बंद करतांना पेटी सर्वांत आधीं, हा क्रम पाळला तर शंकूवर फुकटचे धक्के बसत नाहींत.

आतां फ्लेचर यांच्या निबंधाचें राहिलेलें सूत्र. कान खर्जाला बहिरा आहे हें सिद्ध झाल्यावर आवाज मोजणाऱ्या यंत्रांनींही तसेंच बहिरें व्हावें, असें ठरलें. १९३६ च्या अमेरिकन मानकांत हळू आवाजांसाठीं ‘ए’ नांवाची जी पट्टी आली, ती या निबंधांतल्या वक्राला अनुसरून. या पट्टीवर पन्नास कंपनांच्या स्वराचे तीस डेसिबेल वजा केले जातात. हळू आवाजापुरती ही वजावट योग्यच होती. पुढें ती सर्वच आवाजांना लागूं झाली. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल ही जी मर्यादा आहे, ती ‘ए’ पट्टीवरचीच. जुलै २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिवर्धकांस मनाई करणारा मोठा निर्णय दिला. पण दिवसाचें आणि सायंकाळचें मोजमाप त्याच पट्टीनें चालतें. मांडवापासून चार घरें दूर, खिडक्या लावून घेतलेल्या खोलींत शब्द आणि चाल भिंतींनीं अडविलेली असते. उरतो तो खर्ज. कपाटाच्या कांचा थरथरतात, आजारी माणसाला उशींतून ठोके जाणवतात, आणि मीटर हातांत घेऊन आलेल्या मनुष्याचा आंकडा लहानच दिसतो. तो मनुष्य खोटें बोलत नसतो. पुष्कळ मीटरांवर ‘ए’ च्या शेजारींच ‘सी’ हा दुसरा खटका असतो. त्यावर पन्नास कंपनांच्या स्वराचा जेमतेम सव्वा डेसिबेल वजा होतो. खटका तिकडे सरकविला कीं त्याच खोलींत, त्याच क्षणीं, आंकडा एकाएकीं वर चढतो. नियमांत मात्र पट्टी ‘ए’ च आहे.